परतीची बोअर

१४ डिसें., रवि.
माहेरी, वाडीला जाऊन आले. अम्मीचा फोन आठवडाभर चालू होता, "आके देख, आके देख." सकाळची सोयगाव एसटी धरली.
गरम पाण्याच्या कुंडाची सगळ्यात खालची पायरी उघडी पडलीय. एरवी ती वर्षातून एकदा, सफाईलाच दिसते. बाकी वर्षभर पायानं चाचपायची. शेवाळ वाळून पापुद्रे सुटलेत.
थर्मामीटर घातला. एमएस्सीला हेच पाणी मोजलं होतं. त्यापेक्षा कमी. थोडंच, पण कमी.
अम्मी बायकांच्या बाजूच्या दारात. अब्बा गेल्यापासून ही बाजू तीच बघते. झाडणं, कपड्यांवर लक्ष ठेवणं, म्हाताऱ्यांना धरून उतरवणं. मला बघून उठलीसुद्धा नाही. "तेरी मशीन पी गई."
शांताकाकू तिच्या शेजारी. गुडघ्यांसाठी येता येता आता दिवसभर इथंच असते, अम्मीच्या मदतीला. म्हणाली, "नाजे, मला एकदा नीट सांग. आमच्या पान्यावर तुमी लाईट काढता तरी कशी? पानी जळतं व्हय?"
सांगितलं. काकू, कुंडातलं नाही घेत. डोंगराखाली लई खोल गरम पाणी आहे, ते एका बोअरनं वर येतं. प्लँटमध्ये त्याच्या पाइपाला लागून दुसरं एक पातळ द्रव फिरतं, पेट्रोलच्या जातीचं, तळहातावर घेतलं तर उडून जाईल. पाण्याच्या गरमीनं ते उकळतं. त्याची वाफ चाक फिरवते, चाकावर वीज. वाफ गार करून पुन्हा तेच द्रव, पुन्हा तोच फेरा. आणि पाणी गार झालं की दुसऱ्या बोअरनं परत जमिनीत. तिला आम्ही परतीची बोअर म्हणतो.
"सगळं परत देता?"
"सगळं."
"मंग हितं का कमी झालं?"
चहा प्यायले.
दिवाळीपासून प्लँट पूर्ण ताकदीनं चालू आहे. एवढंच लिहून ठेवते. अजून अर्थ लावायचा नाही.

१५ डिसें., सोम.
ऑफिस. देशमुख सरांच्या केबिनमध्ये गेले. त्यांच्या टेबलावर अजून पहिल्या बोअरच्या दगडाचा तुकडा आहे, पेपरवेट म्हणून. या प्रकल्पामागं माणसाचे केस पांढरे झालेत.
"डिसेंबर आहे, नाझिया. माझ्या गिझरचं पाणीसुद्धा गार होतं."
"पातळी गेलीय सर. थंडीनं पातळी जात नाही."
"कुंड उथळ, आपली बोअर खोल. दोन पाणी वेगळी. रिपोर्ट तुझाच आहे."
आहे. मीच लिहिलाय. तेव्हा दोन्ही पाण्यांतले क्षार जुळले नव्हते, आजही जुळत नाहीत.
मग रंगाचं बोलले. परतीच्या बोअरमध्ये हिरवा रंग सोडायचा आणि कुंडात येतो का बघायचं. आला तर आपलं गार पाणी कुंडात शिरतंय. सर बराच वेळ दगड फिरवत बसले.
"कर. पण गावासमोर कर. निकाल आपल्या बाजूनं येणार, तर तो सगळ्यांनी बघू दे."

१९ डिसें., शुक्र.
सरपंच भाऊरावांच्या ओट्यावर बैठक. भाऊरावांनी एकच विचारलं, "हिरवं आलं तर प्लँट बंद?" सर म्हणाले, आलं तर बसून ठरवू. हे उत्तर कुणालाच आवडलं नाही, पण कुणी उठूनही गेलं नाही. प्लँट आल्यापासून वाडीच्या शेतीपंपांना दिवसा लाईट आहे. आधी रात्रीची यायची, अंधारात पाणी द्यायला जावं लागायचं आणि डोंगरात बिबट्या. शांताकाकूचा विठ्ठल मागून म्हणाला, "ताई, कुंडबी राहू द्या अन् लाईटबी." सगळे हसले. मी पण.
सरांनी जाताना सांगितलं, गाव तुझ्यावर भरवसा ठेवून आहे. हे त्यांनी का सांगितलं असेल.

२४ डिसें., बुध.
रंग सोडला. डब्यात केशरी-तांबडी भुकटी, पाण्यात पडली की विषारी दिसणारा हिरवा. विषारी नाही. डोळ्यांच्या तपासणीला वापरतात तो रंग. हे सकाळपासून इतक्या जणांना सांगितलं की घसा बसला.
पिंप ढवळलं, पंपानं परतीच्या बोअरमध्ये. खाली गेला. मग काहीच नाही. दिसण्यासारखं काहीच नसतं यात. गर्दी हिरमुसून पांगली.
वाऱ्यानं भुकटी उडाली, माझे हात कोपरापर्यंत पिवळे. कुंडाच्या दोन्ही बाजूंना, बायकांच्या आणि पुरुषांच्या, कोळशाच्या पुड्या दोरीनं सोडल्यात. रंग अगदी डोळ्याला न दिसण्याइतका आला तरी कोळसा धरून ठेवतो. शांताकाकू म्हणे कसला ताईत बांधला. पातळीचं यंत्रही बसवलं, आपोआप नोंद ठेवतं.
घरी आल्यावर सलीम हात बघून म्हणाला, "किसकी शादी है?" हसू आलं नाही.

२७ डिसें., शनि.
माझ्या पिवळ्या हातांचा व्हिडिओ फिरतोय. कुणी काढला कोण जाणे. खाली लिहिलंय, कुंडात केमिकल सोडलं, अंघोळीला जाऊ नका. सिल्लोडच्या मावसबहिणीनं मलाच पाठवला, "देख ये कौन है, तेरे जैसी दिखती." ती मीच गं.

३० डिसें., मंगळ.
पुड्या बदलायला वाडीला. कुंडावर चिटपाखरू नाही. बायकांच्या बाजूला फक्त अम्मी आणि काकू, दोघी भिंतीला टेकून. जळगावकडनं अंघोळीला येणारी जीपसुद्धा आली नाही म्हणे.
मी पुडी काढायला वाकले तेव्हा अम्मी बोलली. पाणी कमी झालं होतं तरी बाया येत होत्या. पाणी गुडघ्याएवढं असतं तरी आल्या असत्या. "तूने डर डाला पानी में. डर कैसे निकालती?"
मी म्हटलं, शोध घेतेय अम्मी, तुझ्यासाठीच.
"मेरे वास्ते कायकू? मैं बोली क्या रंग डाल?"
नाही बोलली. आके देख बोलली होती.
काकूनं मध्ये पडून विषय बदलायचा प्रयत्न केला. मग कपडे आवरले आणि एकटीच पाण्यात उतरली, मोठ्यानं पाणी उडवत. आम्हाला दाखवायला. किंवा दारातून कुणी बघत असेल तर त्यांना.
एसटीत रडले. शेजारची बाई सोयगावची, तिनं पेरू दिला.

४ जाने., रवि.
ताप. सलीमनं सुट्टीच्या दिवशी मोटारसायकल काढली, पुड्या आणि बाटल्या आणायला गेला. सासू आणि जावई दिवसभर एकत्र. आल्यावर विचारलं, अम्मी काय म्हणाली? "खाना खिलाया." माझ्याबद्दल? "तेरे बारे में नहीं बोली." म्हणजे रागावलेलीच आहे. बोलली असती तर बरं.
त्याच्या बाटल्यांवरचं अक्षर माझ्यापेक्षा नीट. बाटल्या काळ्या कागदात गुंडाळल्यात, उन्हात रंग उडतो हे मी कधी बोलले होते ते लक्षात ठेवलंय यानं.

८ जाने., गुरु.
लॅब. कुंडाच्या सगळ्या बाटल्या, सगळ्या पुड्या, काही नाही. शून्य. बायकांची बाजू शून्य, पुरुषांची शून्य.
बरं वाटायला हवं होतं. थोडं वाटलंही.
मग नियम म्हणून वरच्या बोअरची बाटली लावली. वरची म्हणजे जिच्यातून आमचं गरम पाणी येतं ती. तिथं रंग असायचं कारणच नाही, निदान इतक्यात नाही. यंत्राचा काटा उडाला. निळ्या दिव्याखाली बाटली धरली तर लख्ख हिरवी.
माझेच हात. नक्की माझेच पिवळे हात लागले असणार. सगळं पुन्हा करायचं.

९ जाने., शुक्र.
प्लँटवरच्या पवारांना फोन केला. ते ऑपरेटर, रंगाच्या दिवशी रजेवर होते, त्या भुकटीच्या जवळपासही नव्हते. त्यांनी नव्या बाटलीत नव्यानं पाणी भरलं. सिल्लोडपर्यंत आणून दिलं, मी स्टँडवर घेतलं.
हिरवी.
म्हणजे आम्ही परतीच्या बोअरमध्ये सोडतो ते गार पाणी खालच्या भेगेतून सरळ वरच्या बोअरला येतंय. जमिनीत फिरून, तापून यायला वेळच मिळत नाही. आम्ही आमचंच गार पाणी पुन्हा ओढतोय. असंच चाललं तर वरची बोअर हळूहळू गार होणार, आणि मग प्लँट कशावर चालवायचा.
सरांना सांगितलं. ते खुर्चीत मागं रेलले. "किती दिवसांत पोचला रंग?" सांगितलं. डोळे मिटले.
"कुंडात नाही ना आला?"
"नाही सर."
"मग सव्वीसला ग्रामसभेत तेवढं सांगू. हे दुसरं आपल्या घरातलं आहे. आपण निस्तरू."

१५ जाने., गुरु.
काल संक्रांतीला प्लँटच्या पंपाचं सील गेलं. प्लँट बंद. सुटा भाग यायला काही दिवस लागतील. सर वैतागलेत. मला मात्र घरी बसून तिळगूळ खायला मिळाला, वरच्या मजल्यावरच्या कुलकर्णी काकूंचा.

१८ जाने., रवि.
शांताकाकूचा फोन. आधी गुडघे, मग विठ्ठलच्या लग्नाचं, मग सहज, "अगं, पायरी बुडाली बघ परत. तुजी माय म्हनती सांगू नको तिला, पन म्या म्हनलं सांगते."
यंत्राची नोंद फोनवर मागवली. पवारांनी पाठवली. रेष सपाट, सपाट, आणि संक्रांतीपासून वर.
मी आडवी पडले होते, उठून बसले.

२२ जाने., गुरु.
परवा प्लँट सुरू झाला. आज रेष खाली. पायरी उघडी.
माझा प्रश्नच चुकला होता. रंग एवढंच सांगतो की आमचं सोडलेलं पाणी कुठं जातं. कुंडाचं पाणी कुठं जातं ते रंग सांगत नाही. परतीचं गार पाणी कुंडात शिरत नाही, हे खरं. पण वरची बोअर खालून ओढते तेव्हा कुंडाकडं चढणारा गरम पाण्याचा जोर कमी होतो. जोर कमी म्हणजे पातळी कमी, आणि आजूबाजूचं उथळ गार पाणी आत शिरणार. क्षार म्हणूनच जुळत नव्हते.
कुंडात हिरवं आलं नाही याचा अर्थ आमचा संबंध नाही असा होत नाही. पण सव्वीसला नेमकं हेच सांगायचं ठरलंय.

२३ जाने., शुक्र.
सर शांतपणे ऐकून घेतात, हाच त्रास आहे त्यांचा. ओरडले असते तर मी पण ओरडले असते.
"एकदा प्लँट बंद पडला, एकदा पाणी चढलं. हा पुरावा झाला का?"
"नाही सर. म्हणून मुद्दाम बंद करून पुन्हा बघायचं."
"किती दिवस? गव्हाच्या पाण्याच्या दिवसांत? दिवसाची लाईट काढून घेऊ त्यांची?"
मी नोंदीचा कागद गुंडाळला.
"कुंडात रंग आला नाही. हे खरं की खोटं?"
"खरं."
"तेवढंच बोलायचं आहे. खोटं बोल असं मी कधी सांगणार नाही तुला."
नाही सांगणार. म्हणूनच जास्त अवघड.

२५ जाने., रवि.
सलीमला सगळं सांगितलं. तो कांदा चिरत होता, चिरतच राहिला. म्हणाला, बोललीस तर ऑफिस जाईल. नाही बोललीस तर अम्मी. आणि बोलूनसुद्धा अम्मी येईलच असं नाही.
"मग काय करू?"
"मेरेकू मत पूछ. मैं कुछ भी बोलूंगा, बाद में तू बोलेगी तूनेच बोला था."
बरोबर आहे त्याचं. कांद्यानं दोघांचे डोळे लाल. उद्या पहाटेच निघायचं.

२६ जाने., सोम.
झेंडा झाला, शाळेच्याच पटांगणात ग्रामसभा. आधी लिहून घेते, नंतर माझ्याच सोयीनं बदलेल.
सर उभे राहिले. बाटल्या दाखवल्या, कुंडाचं पाणी स्वच्छ असल्याचं सांगितलं. एक शब्द खोटा नाही. मागून बायांमध्ये कुजबुज, बऱ्याचजणी सुटल्यासारख्या. अम्मी पुढच्या रांगेत, पदर घट्ट.
भाऊराव म्हणाले, "मंग कुंडाला झालंय तरी काय?"
सर म्हणाले, पाऊस, थंडी, वरच्या अंगाला झालेल्या शेतीच्या बोअर, अनेक कारणं असू शकतात.
असू शकतात. पण लोकांनी एकच धरलं. कुणीतरी म्हणालं, विठ्ठलनं मक्यासाठी उन्हाळ्यात बोअर मारली, कुंडाच्या अगदी वर. दुसरा म्हणाला, तेव्हाच म्हनलो होतो. तिसरा, मोटर काढा त्याची. बघता बघता सगळं पटांगण एका बाजूला कललं. विठ्ठल उभा राहिला, "माजी बोअर दिवाळीआधीच आटली की, कवाची बंद हाय!" कोण ऐकतंय. शांताकाकू उठायला गेली, गुडघ्यानं साथ दिली नाही, तशीच अर्धी उभी, बेंचला धरून. रोज त्या कुंडाची फरशी पुसते ही.
मी उठले. उठायचं ठरवलं नव्हतं.
सांगितलं की विठ्ठलची बोअर उथळ आहे, कुंडाचा जोर खोलातून येतो, तिचा संबंध असेल असं मला वाटत नाही. सांगितलं की रंग आला नाही म्हणजे फक्त आमचं परतीचं पाणी कुंडात येत नाही. पण संक्रांतीला प्लँट बंद पडला तेव्हा कुंड चढलं, चालू झाला तेव्हा उतरलं. बहुतेक आमची वरची बोअर कुंडाचा जोर ओढतेय. खात्री नाही. प्लँट थोडे दिवस मुद्दाम बंद ठेवला तर कळेल.
कुणीतरी विचारलं, "हे तुज्या सायबाला माहीत हाय?"
मी सरांकडं बघितलं नाही. "आहे."
पुढचं नीट आठवत नाही. गोंगाट. भाऊरावांनी टेबल वाजवलं. सर गाडीकडं गेले. मी त्याच गाडीतून आले होते.
एसटीनं परत. अम्मी फाट्यापर्यंत सोडायला आली. गाडी दिसल्यावर म्हणाली, "डब्बा?" मी विसरले होते तिच्याकडं. परत जाऊन आणण्याइतका वेळ नव्हता.

२८ जाने., बुध.
मेल आला. पुढील सूचनेपर्यंत घरून काम. काम काय ते लिहिलेलं नाही.

३ फेब्रु., मंगळ.
घर घासून काढलं. सलीम म्हणतो, आता भिंती पातळ होतील.
दुपारी सरांचा फोन. नमस्कार नाही, चमत्कार नाही. "वरच्या बोअरचं तापमान उतरतंय. रोज थोडं. तुला अपेक्षित होतं तसंच." मी वही पुढं ओढली. "उद्यापासून प्लँट बंद करतोय. आपल्याच कारणासाठी, कुंडासाठी नाही, हे लक्षात ठेव. पण बंद आहेच तर कुंडाची नोंद घ्यायला माणूस लागेल."
"येते सर."
"रागावून बोललीस ग्रामसभेत की घाबरून?"
"घाबरून."
"हं." ठेवला.

११ फेब्रु., बुध.
वाडीतच मुक्काम. रेष चढतेय. पायरी पाण्याखाली गेली, वरची पण ओली झाली. तापमान मागाहून, आळशासारखं, पण तेही वर. आता योगायोग म्हणता येणार नाही. सरांना रोज आकडे पाठवते, ते अंगठा दाखवतात. मेसेजमधला. बरं की वाईट ते कळत नाही.
बाया परत येऊ लागल्यात. आज जीप आली.
दुकानात साबण घ्यायला गेले तर बोलणी बंद झाली. लाईट पुन्हा रात्रीची. गव्हाला पाणी द्यायला सगळे अंधारात जातायत, आणि परवा वरच्या शिवारात बिबट्यानं वासरू नेलं. विठ्ठल भेटला. मला वाटलं हसेल. म्हणाला, "ताई, तुमी मला वाचवलं, उपकार. पन माजा बाप रातीला दारं धरतोय. त्येचं काय?"
त्यानं बॅटरी खांद्याला अडकवली आणि गेला.
अम्मी सगळं ऐकून होती. जेवताना म्हणाली, उसका बाप बुड्ढा है. एवढंच.

१६ फेब्रु., सोम.
सर आले, नकाशा घेऊन. दोघांनी कुंडाच्या कट्ट्यावर अंथरला, अम्मीनं कोपऱ्यांवर तांबे ठेवले.
आताची परतीची बोअर चुकीच्या जागी आहे. पाणी सरळ वरच्या बोअरला जातं, त्यामुळं प्लँटचं नुकसान, आणि कुंडाखालचा जोरही भरून निघत नाही. नवी परतीची बोअर प्लँट आणि कुंडाच्या मधल्या गायरानात घेतली, आणि प्लँट निम्म्यावर चालवला, तर परत सोडलेल्या पाण्यानं कुंडाखालचा जोर टिकेल. लाईट दिवसा, कुंड भरलेलं.
"आणि नाही जमलं तर?" मी विचारलं.
"तर तेच गार पाणी कुंडात येईल. या वेळी खरंच हिरवं." सर कुंडाकडं बघत होते. "आणि मग ते सहजासहजी गरम होणार नाही."
जागा गावाची, म्हणून गावानं ठरवायचं. बोअर नेहमीच्या पाण्याच्या बोअरपेक्षा खोल, पण पहिल्या दोन इतकी नाही.

२२ फेब्रु., रवि.
रोजे सुरू झालेत. आज बायांची बैठक, कुंडाच्या आतच, पुरुष बाहेर. भाऊरावांनीच सांगितलं की आधी कुंडावर बसणाऱ्या बाया काय म्हणतात ते कळू द्या.
मी दोन्ही बाजू सांगितल्या. लई वेळ बोलले बहुतेक. एकीनं विचारलं, किती चान्स? म्हटलं, माझ्या हिशोबानं जमण्याचा जास्त. पण मी आधी वेगळं पाणी आहे असंही लिहून दिलं होतं.
भांडणं झाली. ज्यांचे नवरे रात्री शेतात जातात त्या एकीकडं. ज्यांचे सांधे दुखतात त्या दुसरीकडं. काही दोन्हीकडं. शांताकाकू दोन्हीकडं, ती रडली. "माजे गुडघे का माजा नवरा, असं इचारताय तुमी."
शेवटी सगळ्यांनी अम्मीकडं बघितलं. अम्मी म्हणाली, कुंड मेरा नहीं है, मैं सिरफ झाडू मारती. मग मराठीत, सगळ्यांसाठी, "घ्या बोअर. शांताचा मालक दिवसा शेतात जाऊ दे." काकूनं तिचा हात धरला, सोडलाच नाही.
हात वर झाले. सगळे नाही.
घरी आल्यावर मी विचारलं, अम्मी, पाणी गेलं तर? तिनं खजुराची बी काढून ताटलीच्या कडेला ठेवली. "तो तू बैठके सोचना. मैं रोजा खोलती."

९ मार्च, सोम.
बोअरची गाडी आली. तामिळनाडूची माणसं. गायरानात उभी केली, कुंडाच्या भिंतीला फार लागून वाटते, पण जागा मीच आखून दिलीय. नव्या जागेतही रंग सोडायचा, बोअर झाली की. बाटल्या धुऊन ठेवल्यात. या वेळी हातमोजे.
सरांनी ऑफिसचं विचारलं नाही, मीही नाही. पगार कुणाच्या सहीनं होतोय ते बघायला हवं.

१० मार्च, मंगळ.
सकाळी गाडीचा मनोरा उभा केला आणि आतून बायांचा कल्लोळ. वर चढलेल्या माणसाला बायकांची बाजू सरळ दिसते! कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. माझ्याही नाही, आणि मी इथंच अंघोळ करत मोठी झाले.
अम्मी रोज्यात, ऊन डोक्यावर, काठी घेऊन थेट गाडीपाशी. "ए! नीचे! आँखां नीचे!" त्याला मराठी येत नाही, दखनी तर नाहीच. पण समजलं त्याला. सरसरत खाली. मशीन बंद. अम्मी काठी रोवून समोर उभी, परदा लागेपर्यंत एक फूट खणायचं नाही.
ताडपत्री कुणाकडं? विठ्ठलच्या मक्याच्या कणसांवरची निघाली. तो आणि त्याचा बाप घेऊन आले. बांबू रोवले. वारा सुटलेला, ताडपत्री शिडासारखी फुगायची. एक कोपरा सरांनी धरला, बूट धुळीत, टाय खांद्यावर उडालेला. अम्मी खालून सूचना देतेय, और ऊपर, और ऊपर. सर निमूट वर करतायत.
परदा लागला. अम्मीनं स्वतः मनोऱ्याखाली जाऊन मान वर करून खात्री केली. मग मान डोलवली.
मशीन सुरू.
मी कुंडाच्या पायरीवर बसलेय, हे तिथंच लिहितेय. पाण्यावर बारीक थरथर, कडेपासून मध्यापर्यंत. तापमान कालचंच. थर्मामीटर परत घातला, कालचंच.
अम्मी मागून, "निकाल वो. औरतां आ रई."
पहिली उतरली शांताकाकू, दगड धरून, श्वास रोखून. मग एकेक करून बाकीच्या. भिंतीपलीकडं बोअरचं बिट मुरूम ओलांडून दगडाला लागलं असावं, आवाज बदललाय.